पेरूच्या झाडामागची पॅसेंजर

"हलू नका."

हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते. मामाच्या फोटो स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आहे. हनुवटी जरा खाली, खांदे सरळ, डोळे उघडे, हलू नका. त्यामुळे त्या सकाळी रुळाकडेच्या गवतात मी उकिडवी बसले होते आणि मागून कुणीतरी दाणदाण चालत आलं, तेव्हा माझ्या तोंडून आपसूक तेच निघालं.

आणि तो खरंच हलला नाही. एक पाय सिमेंटच्या जुन्या ठोकळ्यावर, दुसरा हवेत, खांद्यावर तिपाई, अंगावर बारीक पाऊस. मी मान वळवून बघितलं आणि मला हसूच फुटायला लागलं, पण हसले असते तर समोरची मुनिया उडाली असती. स्वतःच्या तिप्पट लांबीचं गवताचं पातं चोचीत धरून ती कुंपणाच्या तारेवर बसली होती. हे पातं झुडपात न्यायचं कसं, याचा तिचा विचार चालला होता. पहिल्यांदा आडवं नेऊन बघितलं, अडकलं. मग बयेने पातं फिरवून टोकाकडून धरलं आणि सरळ आत शिरली. मी सात फोटो काढले.

तेवढ्यात वळणावरून पॅसेंजर आली, धडधडत समोरून गेली, आणि तो एका पायावरच राहिला.

"गेली," तो म्हणाला.

"नाही हो, आत शिरली. झुडपात घरटं आहे तिचं."

"पक्षी नाही. गाडी. मला तिचा फोटो काढायचा होता."

"अहो, मग उद्या काढा. गाडीच ती, रोज येते."

"उद्या नाही. आता परवा." त्याने पाय खाली ठेवला, तिपाई ठोकळ्यावर मांडली आणि उगाचच परत मिटली. "तुम्ही काय, सगळ्यांनाच असं थांबवता का?"

"लोक त्यासाठी दुकानात येतात माझ्या."

तो गेला. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत राहिले. पॅसेंजर रोज सात बेचाळीसला येते, मग याची गाडी परवाच का? कुणाचं काही अर्धवट कानावर आलं की मला झोप लागत नाही, हा माझा जुना आजार आहे. मामा म्हणतो, हिच्या नाकाला पासपोर्टची गरज नाही, ते आधीच सगळीकडे जाऊन आलेलं असतं.

परवा मी पावणेसातलाच जाऊन बसले. मुनियेसाठी... असं मी मुनियेला सांगितलं.

तो आला, मला बघून लांबच थांबला आणि हात वर करून खुणेने विचारलं, येऊ का? मी खुणेने म्हटलं, या. मग त्याची मांडामांड मी नीट बघितली. त्या ठोकळ्यावर पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके होते. तिपाईचे तीन पाय बरोब्बर त्या तीन ठिपक्यांवर. कॅमेऱ्याची उंची गळ्यातल्या टेपने मोजली. मग रुळाच्या एका ठरावीक जागेवर नजर लावून बसला. गाडी आली, क्लिक, गेली. एकच फोटो.

"एकच?" मी विचारलं.

"एकच लागतो."

"आणि ती मघाची एक्सप्रेस? एवढी झोकात गेली, तिचा नाही काढलात?"

"ती आपली नाही."

भूमापनाच्या ऑफिसात तो नकाशे काढतो, एवढंच त्या दिवशी कळलं. मी त्याचं नाव वेळापत्रक ठेवलं. माझा नंबर त्याने कोणत्या नावाने ठेवला ते मला पुढे कधीतरी त्याच्या फोनवर दिसलं... 'हलू नका'.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. असे आम्ही भेटायला लागलो. भेटायला म्हणजे काय, एकाच कुंपणाच्या दोन टोकांना उभं राहायला. पाऊस सरला आणि मुनियेची पिल्लं उडून गेली, तेव्हा तो म्हणाला, "आता तुमचा सीझन संपला असेल."

"कुणी सांगितलं? पक्षी काय एकदाच घर बांधतात होय?" मी त्याला स्टेशनच्या पत्र्याखालचं कबुतर दाखवलं. सात-आठ काड्या आडव्यातिडव्या टाकून, झालं घर म्हणून ते त्यावर बसलं होतं. थंडी पडली तेव्हा सिग्नलमागच्या उंच झाडावर घारीचं बांधकाम दाखवलं. तिने काटक्यांत एक निळी प्लॅस्टिकची पिशवी आणि कुणाचा तरी मोजा घातला होता.

"मोजा कशाला?"

"मऊ लागत असेल. तुम्ही विचारून या, मी शिडी धरते."

"दुसरा मोजा कुठे असेल?"

हे त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं की पुढचे दोन आठवडे आम्ही त्या दुसऱ्या मोज्याचा शोध घेत होतो. मला वाटतं, त्याच आठवड्यांत कधीतरी मला तो आवडायला लागला. आणि त्याच्यामुळे मला गाड्या दिसायला लागल्या. धुक्यात आधी दिवा येतो, मग आवाज येतो, आणि डबे शेवटी. पॅसेंजरच्या खिडक्यांतून लोक बाहेर बघतात आणि एक्सप्रेसच्या खिडक्यांतून बघत नाहीत. आणि गंमत म्हणजे गाडी गडगडत गेली तरी पक्षी मान वळवत नाही, पण आमच्यापैकी एकाने नाक ओढलं की उडून जातो.

एकदा तो फोटो छापून घ्यायला स्टुडिओत आला. काउंटरमागच्या काचेत माझा सूर्यपक्ष्याचा फोटो लावलेला आहे. लोंबतं घरटं, दारात मादी, आत दोन उघड्या चोची, सगळ्यावर कोवळं ऊन. येणारा प्रत्येक जण त्याचं कौतुक करतो.

"आत इतका उजेड कसा मिळाला?" त्याने विचारलं. "पानं असतात ना समोर?"

"किती कॉपी हव्यात?" मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं, पण परत विचारलं नाही. मी असते तर सोडलं नसतं.

त्याचे फोटो मी मोठे करून स्क्रीनवर लावले. चोपन्न फोटो, सगळे त्याच जागेवरून. पावसाळा, धुकं, पानगळ. इंजिनाच्या खिडकीत ड्रायव्हर, सावलीत, जेमतेम आकार दिसतोय. पण मी दिवसभर चेहरेच बघत असते. चोपन्न फोटोंत माणूस एकच होता.

"हे कोण?"

"ड्रायव्हर."

"ते दिसतंय. रोज वेगळा ड्रायव्हर असतो ना? मग सोमवार, बुधवार, शुक्रवार हाच का?" मी आणखी मोठं केलं. "आणि याची हनुवटी तुमच्यासारखी का आहे?"

तो काउंटरवरच्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. मग म्हणाला, "बाबा आहेत माझे."

मग सगळं बाहेर आलं. बाबा या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. चौतीस वर्षं गाडी चालवली, पण गाडीतला एक फोटो नाही. फोटोचं नाव काढलं की उठून जायचे. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते मांडवाच्या खांबाकडे बघत होते. "मी रेल्वेत जावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी नाही गेलो. भांडण वगैरे काही झालं नाही आमचं. फक्त... बोलणं कमी झालं. जेवलास का, हो. एवढंच."

"तुम्ही इथे उभे असता हे माहितीय त्यांना?"

"माहीत नाही. ते रुळाकडेच बघतात. बघायलाच हवं."

"पण यातल्या एकाही फोटोत चेहरा दिसत नाही."

"उन्हाळ्यात दिसेल," तो म्हणाला, आणि कागद ओढून त्याने मला नकाशाच काढून दाखवला. हिवाळ्यात सात बेचाळीसला सूर्य कुठे असतो, उन्हाळ्यात किती वर येतो, आणि त्याचं ऊन वळणावर नेमकं कोणत्या कोनातून त्या खिडकीत शिरतं. शेवटचे तीन आठवडे. बस्स, तेवढ्याच दिवसांत तो चेहरा उजेडात येणार होता. "शेवटच्या फेरीचा फोटो मिळाला की झालं. तो एक मला हवाच आहे."

इतकी सरळ रेघ मारणारा माणूस मी पाहिला नव्हता. तो कागद मी टाकून दिला नाही, माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मामाने बघितला आणि म्हणाला, "हल्ली सूर्याची फार काळजी तुला."

त्याने सगळ्याचा हिशोब केला होता, फक्त पेरूच्या झाडाचा केला नव्हता.

कुणी प्रवाशाने कधीतरी खिडकीतून फेकलेल्या पेरूतून ते कुंपणाशी उगवलं होतं. पावसाळ्यात कमरेइतकं होतं, उन्हाळा लागेपर्यंत आमच्या डोक्यावर गेलं. त्याची एक फांदी बरोबर त्या खिडकीवर आली. आणि त्याच फांदीच्या बेचक्यात बुलबुलाच्या जोडीने बांधकाम काढलं. काड्या, सुकलेली मुळं, आणि सगळ्याला वरून कोळ्याच्या जाळ्याचा लेप. मी हरखून रोज बघत होते. त्याचा चेहरा उतरत चालला होता, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही.

"दोन वीत सुतळी," तो एका बुधवारी म्हणाला. "फांदी नुसती मागे बांधायची. तोडायची नाही. गाडी गेली की सोडायची."

"नाही."

"दोन मिनिटं फक्त."

"मग तुम्ही सरका बाजूला."

"डावीकडे नाला आहे, उजवीकडे सिग्नलचा खांब. आणि जागा बदलली तर मग वर्षभर कशाला केलं हे?"

"पिल्लं आहेत त्यात. परवाच निघालीत अंड्यांतून. नाही म्हणजे नाही."

"माझे बाबा आहेत त्या खिडकीत," तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. आणि मी मग तोंडाला येईल ते बोलले. माणसांना फोटोत पकडण्यापेक्षा घरात दोन शब्द बोललं तर काय बिघडतं, असलं काहीतरी. तो तिपाई मिटून निघून गेला.

दुसरा अख्खा दिवस माझं कशात लक्ष लागेना. एका बाईचे फोटो मी डोळे मिटलेले काढले आणि छापलेही. शेवटी त्या गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. उद्या बाबांची शेवटची फेरी होती.

"तुम्ही विचारलं होतंत, आत उजेड कसा मिळाला," मी म्हणाले. "सूर्यपक्ष्याच्या फोटोत. मी दोऱ्याने पानं बांधली होती, मागच्या वर्षी. दहाच मिनिटांसाठी. तेवढ्यात मामाचा फोन आला, दुकानात गर्दी झालीय, ये. आणि मी गेले. दोरा सोडायचा राहिला. दुपारभर घरटं उघडं पडलं... संध्याकाळी गेले तेव्हा झाडावर कावळे होते आणि आत काही नव्हतं. तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. लोक कौतुक करतात आणि मी थँक्यू म्हणते."

फाटकाच्या कडीवर त्याचा हात होता, तिथून जवळच माझा होता.

"पण उद्या फांदी मागे घेऊ या," मी म्हणाले. "दोरा नको. मी हाताने धरते. गाडी गेली की सोडते. मी कुठेही जाणार नाही, फोन आला तरी."

शुक्रवारी सकाळी आभाळ लख्ख होतं. तीन ठिपके, तीन पाय, टेप. पावणेआठला पाच मिनिटं असताना मी फांदीखाली जाऊन उभी राहिले. वर घरट्यात तीन पिल्लं, पंख फुटायला आलेले, माना टाकून झोपलेली. हात वर केला तर बोटांना पानं लागली. रूळ वाजायला लागले. त्याच वेळी मादी बुलबुल तोंडात अळी धरून तारेवर येऊन बसली आणि माझा हात बघून थबकली.

"हलू नका," तो मागून म्हणाला.

"अहो, गाडी येतेय..."

"कळतंय मला. हात खाली घ्या. हळूच."

मी हात खाली घेतला. मादी फांदीवर आली. तिच्यामागून पॅसेंजर आली, भोंगा लांब वाजला, माझ्या मागे एक क्लिक झाला आणि सगळे डबे एकामागून एक निघून गेले. आम्ही कॅमेऱ्यात बघितलं. पानं, घरटं, अळी भरवणारा बुलबुल, मागे इंजिनाचा पुसट रंग. चेहऱ्याच्या जागी पान होतं. पानाच्या खालून खिडकीबाहेर आलेला एक हात तेवढा दिसत होता.

"छान आलाय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो तिपाईचे पाय मिटत बसला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. मी त्याची टेप गुंडाळून दिली.

त्यानंतर तो आला नाही. यायला कारणच उरलं नव्हतं. सोमवार गेला, बुधवार गेला, शुक्रवार गेला. मी एकटीच जात होते. पिल्लं घरट्याच्या काठावर येऊन बसायला लागली होती, आणि हे बघायला तो नाही याचाच मला राग येत होता. फोन करावा म्हणून दहादा हातात घेतला. पण काय म्हणणार? पक्षी मोठे झाले, तुम्ही या?

दहाव्या दिवशी दुकानात एक काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल.

"पेन्शनच्या कागदांना फोटो लागतात," ते म्हणाले. "आठ. लवकर काय ते करा."

मी हनुवटी बघितली आणि माझ्या हातातलं कॅमेऱ्याचं कार्ड खाली पडलं.

त्यांना स्टुलावर बसवलं. खांदे सरळ, हनुवटी खाली. पण डोळे काही केल्या कॅमेऱ्याकडे येईनात. एकदा पडद्याकडे, एकदा दाराकडे. चार फोटो वाया गेले.

"काका, इकडे बघा ना."

"बघतोय की."

"तुम्ही खांबाकडे बघताय."

त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मग थोडे हसले. "पेरूच्या झाडाखालची तूच ना?"

"तुम्हाला दिसायचो आम्ही?"

"ड्रायव्हरला सगळं दिसतं. दिसलं म्हणून दाखवायचं नसतं." ते शर्टाची बाही सारखी करत राहिले. "तो एकटा उभा असायचा आधी. चौतीस वर्षांत माझ्यासाठी रुळाकडेला कुणी उभं नव्हतं राहिलं. मी बघितलं असतं तर हात लटपटला असता, म्हणून सरळ बघायचो. मग पावसात तू आलीस. आधी तुमच्यात अख्खं कुंपण होतं. मग थंडीत एक खांब. मग एकदा पाऊस नसताना एकच छत्री." ते थांबले. "मी घरी पोचलो की याची आई विचारायची, आज किती अंतर? मी सांगायचो, आज दीड हात. तिला फार गोडी लागली होती. आता दहा दिवस विचारतेय आणि माझ्याकडे सांगायला काही नाही."

मी कॅमेऱ्यामागे गेले, कारण माझा चेहरा तापला होता आणि तो लपवायला दुसरी जागा नव्हती.

"काका," मी म्हणाले, "असं समजा की इथे, माझ्या जागी, तो उभा आहे. आणि रूळबिळ काही नाही. बघितलं तरी चालतं."

त्यांनी बघितलं.

"हलू नका," मी म्हणाले. माझ्या आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी ते कधी म्हटलं नव्हतं.

त्यांनी आठातले सात फोटो मोजून फाइलमध्ये ठेवले. आठवा काउंटरवर सरकवला. "हा त्याला दे. मी दिला तर तो म्हणेल, ठीक आहे, आणि मी म्हणेन, जेवलास का."

ते गेल्यावर मी वेळापत्रकाला एवढाच निरोप पाठवला. उद्या, सात बेचाळीस.

मी सव्वासातला पोचले. तो आधीच ठोकळ्यावर बसलेला होता, तिपाई नाही, नुसता कॅमेरा गळ्यात. घरटं रिकामं होतं. मी झाडावर कावळे शोधायला लागले, पण त्याने तारेकडे बोट दाखवलं. तीन गुबगुबीत पिल्लं ओळीने बसली होती आणि आई त्यांना लांबूनच अळी दाखवत होती.

"तिन्ही?" मी विचारलं.

"तिन्ही. मी सहा वाजल्यापासून मोजतोय. शेवटचं फार घाबरत होतं."

मी पाकिटातून फोटो काढून त्याच्या हातात दिला. पासपोर्टचा, अंगठ्याएवढा. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग परत जवळ.

"कॅमेऱ्याकडे बघतायत," तो म्हणाला.

"नाही. तुझ्याकडे बघतायत. मी त्यांना सांगितलं, तू उभा आहेस म्हणून."

त्याने फोटो शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात तसाच ठेवून बसला. मग म्हणाला, "तू मला तू म्हणालीस."

"चुकून."

"परत चूक."

मग मी त्याला अंतराचं सगळं सांगितलं, कुंपण, खांब, छत्री आणि त्याची आई. तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे घरी सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच..."

"तुला काय?"

"मलाच कसं सांगायचं ते कळत नव्हतं. माझी गाडी संपली होती. इथे येऊन मी काय म्हणणार होतो, तुझे पक्षी बघायला आलोय?"

"आज कशाला आलास मग?"

"तुला बघायला," तो म्हणाला. "तू मला फार आवडतेस. मला वाटतं, त्या मोज्यापासून."

रूळ वाजायला लागले. त्याने गळ्यातला कॅमेरा उचलला, पण वळणाकडे नाही, माझ्याकडे. इतकी वर्षं मी कॅमेऱ्याच्या अलीकडेच उभी राहिलेय, पलीकडे हात कुठे ठेवायचे हेही मला कळेना.

"हनुवटी खाली," तो म्हणाला. "डोळे उघडे. हलू नका."

मी हलले. आमच्यात उरलेलं अंतर जेमतेम दीड हात होतं, ते मी चालून गेले. मागून पॅसेंजर गेली. तिच्या खिडकीत कोण होतं, ते मी बघितलं नाही.

सूर्यपक्ष्याचा फोटो मी काचेतून काढला. तिथे आता एक हललेला फोटो आहे. हिरवं काहीतरी, मागे रेल्वेच्या डब्यांची रेघ, आणि मधे मी, नाक कुठे आणि कान कुठे. गिऱ्हाइकं विचारतात, स्टुडिओत असला फोटो कशाला लावलाय? मामा चष्मा वर करून सांगतो, "काय करणार, मुलगी ऐकत नाही."